चोराला दंड, गावाला मटण

माझी नात पुण्यात वकिली शिकते. सुट्टीला घरी आली की आधी पोटभर झोपते, आणि झोप पुरी झाली की मला शहाणी करायला बसते. या उन्हाळ्यात मी गच्चीवर कुरडया घालत होते. ती टाकीच्या सावलीत फतकल मारून बसली, वाटीतला गरम चीक खात खात म्हणाली,

"आज्जी, आता शिक्षेचा विचारच बदलत चाललाय. गुन्हेगाराला नुसतं कोंडून ठेवायचं, ही जुनी पद्धत झाली. ज्याचं नुकसान झालं त्याला ते भरून मिळालं पाहिजे, आणि ते गुन्हेगारानंच भरून दिलं पाहिजे. शिक्षेचं मुख्य काम तेच."

"हे कळायला पुण्यात जाऊन खोली घ्यावी लागली व्हय?"

"म्हणजे तुला आधीच माहीत होतं?"

"मला कुठलं? मला बरोबर उलटं माहीत होतं. आणि ते मी माईकवरनं सांगत होते."

तिनं वाटी खाली ठेवली. मग मी तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते आहे. तिला सांगताना काही शिव्या गाळल्या होत्या, त्या इथंही गाळते. छापणारी माणसं घाबरट असतात.

आमचं गाव उंब्रजच्या बाजूला, हायवेला लागून. उसाचं गाव. घरटी एक माणूस सैन्यात आणि उरलेले सगळे सल्ला देण्यात. आमचे हे सुभेदार होऊन घरी आले, त्यामुळे मी आपोआप सुभेदारीण झाले. मला कुणी बढती दिली नव्हती, पण मी घेतली.

दिवाळी झाली की वडूजच्या पलीकडनं, जिथं कुसळसुद्धा उगवावं की नको याचा विचार करतं, तिकडनं मेंढरांचे कळप आमच्याकडं खाली उतरतात. ऊस तुटलेल्या रिकाम्या रानात ती बसवायची, लेंड्यांनी रान पोसायचं, आणि मेंढपाळाला त्याबद्दल धान्य द्यायचं, ही जुनी रीत. आमच्या रानात वर्षानुवर्षं एकच जोडपं यायचं. नवरा फारसा बोलायचा नाही, कारण त्याच्या वाटचंही बायकोच बोलून टाकायची. उंच, काटक बाई. काठी हातात असली काय आणि नसली काय, समोरच्याला ती दिसायचीच. मला ती 'सुभेदारीण' म्हणायची. त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या वर्षी मी पन्नाशीला टेकले होते. म्हणजे अक्कल येण्याचं वय उलटून गेलं होतं आणि अक्कल वाटेतच कुठंतरी चहा पीत बसली होती. गावात नुकतीच तंटामुक्तीची समिती निघाली होती. गावात भांडण नाही असं दाखवलं की बक्षीस मिळायचं. त्यामुळे भांडणं काही कमी झाली नाहीत, ती फक्त चौकीत जायची कमी झाली. समितीत एक बाई पाहिजे म्हणून मला घेतलं. छातीला लावायला बिल्ला दिला. तो बिल्ला मी दळण आणायला जातानाही लावायची. आमचे हे म्हणायचे, "ड्यूटीवर नसताना युनिफॉर्म काढायचा असतो." मी म्हणायची, "मी कायम ड्यूटीवर हाय." बघा आता!

तर त्या हंगामात मेंढ्या नुकत्याच व्याल्या होत्या. मेंढ्या व्याल्या की कोकरांना दिवसभर तळावर जाळीच्या कुंपणात ठेवतात आणि मोठी मेंढरं चरायला नेतात. दिवस मावळायला कळप परतला की जाळी उघडायची. मग जो कल्ला होतो तो बघण्यासारखा असतो. सगळी कोकरं एकदम ओरडत सुटतात, सगळ्या आया एकदम ओरडतात, आणि चहा गाळून होईस्तोवर प्रत्येक पोर आपापल्या कासेला लागलेलं असतं. मेंढी शेपटाकडं वास घेते. आपलं असलं तर पाय फाकवून उभी राहते. दुसरीचं असलं तर ढुशी देऊन उडवते. मेंढीला शेजारधर्म ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी जाळी उघडली. कल्ला झाला, मिटला. पण काही कोकरं नुसती पळतच राहिली. या मेंढीकडं जा, ढुशी खा, त्या मेंढीकडं जा, ढुशी खा. बाई काठीला हनुवटी टेकून बघत होती. तिनं कळप मोजला नाही. फक्त म्हणाली, "मेंढरं गेली."

झालं होतं असं की दुपारी नवरा कालव्यावर घोडीला पाणी दाखवायला वळला होता. ताज्या व्यालेल्या मेंढ्या कळपाच्या मागं रेंगाळतात, कासेचं ओझं असतं. तेवढ्या वेळात उसाच्या आडोशाला पिकअप उभा राहिला आणि मागं राहिलेल्या मेंढ्या अलगद उचलून नेल्या. पिकअप हायवेच्या चहाच्या टपरीवरनं गेला. टपरीवर बसलेल्या सगळ्यांनी तो पाहिला, आणि कुणाचा ते सगळ्यांना कळलं. आमच्या भावकीतला. नात्यानं माझा पुतण्या, मला काकी म्हणणारा. पांढरे कपडे, काळा चष्मा. पोटासाठी चोरणाऱ्यातला नव्हे हो, त्याचं पोट केव्हाच पट्ट्याच्या बाहेर पडलं होतं. त्यानं बऱ्याचशा मेंढ्या त्याच संध्याकाळी खाटकाला दिल्या आणि उरलेल्या पलूसकडं सासुरवाडीच्या गोठ्यात लपवल्या. तिथं त्या दूध दाटून अशा ओरडल्या की सासऱ्यानंच घाबरून पोलिसांना कळवलं.

मला तर आनंदाचं भरतं आलं. टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिका मी नेमानं बघत होते, आणि आता गुन्हा चालून दारात आला होता. तोही भावकीतला, म्हणजे दुप्पट गोड. देवळासमोर सभा झाली. मी बिल्ला सरळ केला, माईक हातात घेतला आणि सुरू झाले. चोर आपला असला तरी चोरच. त्याला आत टाका. अशी अद्दल घडवा की पुढच्या सात पिढ्या पिकअप घेणार नाहीत. टाळ्या पडल्या. मागनं कुणीतरी माझा पदर ओढला. वळून बघते तर ही बाई, काखेत एक कोकरू.

"सुभेदारीण, ते समदं हुईल. पन ह्येच्या तोंडात आज काय घालू?"

माईक चालूच होता. मी म्हणाले, "घाबरू नका. कायदा आपलं काम करेल."

"कायद्याला कास हाय का?"

लोक हसले. मला वाटलं ते तिला हसले.

पुतण्याला आत टाकलं. सापडलेल्या मेंढ्या मात्र तिकडच्या चौकीच्या आवारात, लिंबाला बांधलेल्या. त्या आता मेंढ्या राहिल्या नव्हत्या, मुद्देमाल झाल्या होत्या. चोरी सातारा जिल्ह्यात, मुद्देमाल सांगली जिल्ह्यात. आमची चौकी म्हणायची तिकडं विचारा, तिकडची म्हणायची इकडचं पत्र आणा. कासा सांगली जिल्ह्यात आणि तोंडं सातारा जिल्ह्यात! दोन्हीच्या मध्ये कायदा आपलं काम करत होता.

शेवटी त्या बाईनंच आमच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोकरं भरली. विचारलंसुद्धा नाही. यांनी चावी दिली आणि मला म्हणाले, "तूही जा. बिल्ला विसरू नको." मी विसरले नव्हतेच.

चौकीत फौजदार सज्जन होते. सज्जन माणसासारखंच त्यांनी समजावलं की कोर्टाचा हुकूम आल्याशिवाय मुद्देमाल सोडता येत नाही, आणि मुळात या मेंढ्या हिच्याच कशावरून?

मी लगेच मान डोलावली. "बरोबर आहे साहेब, पुरावा पाहिजे." असं म्हणाले मी! कुणाच्या बाजूनं आले होते देव जाणे.

 बाई बाहेर गेली आणि तिनं ट्रॉलीचं फाळकं पाडलं. कोकरं उड्या टाकून आवारात शिरली. लिंबाखालच्या मेंढ्यांनी दावी ताणली. फौजदार धावत बाहेर आले आणि ओरडले, "अहो बाई! मुद्देमालाला हात लावू नका!"

"हात कुटं लावलाय सायेब? तोंड लावलंय."

ज्या कोकरांची आई तिथं होती ती गुडघे टेकून पीत होती. ज्यांची नव्हती ती लिंबाभोवती फिरत होती, ढुशा खात होती. फौजदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. हुकूम यायला पुढं दोन-चार दिवस गेलेच, तोवर ती पोरांसकट चौकीच्या भिंतीला पथारी टाकून राहिली. पण पुरावा मात्र त्यांनी पुन्हा मागितला नाही.

आता राहिली ती आईवेगळी. त्यांच्या आया खाटकाकडं गेलेल्या. गाईचं दूध बाटलीनं पाजलं तर त्यांना हगवण लागायची. दुसऱ्या मेंढीचे पाय धरून पाजायचं तर तिच्या स्वतःच्या पोराला कमी पडायचं. एकेक कोकरू सकाळी मान टाकून पडलेलं असायचं. पुढच्या सालचा कळप त्या जाळीत मरत होता. हे मला दिसत नव्हतं असं नाही. रोज जाता-येता दिसत होतं. पण मला वाटायचं, ते वेगळं आणि न्याय वेगळा. न्याय तर झालाच होता की, पुतण्या आत होता! दोन वेळचं जेवण, डोक्यावर छप्पर, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणं संध्याकाळी टीव्ही. चोराच्या पोटाची सोय झाली. पोटाची सोय झाली नाही ती फक्त ज्यांचं पोट मारलं त्यांची.

मग पुतण्या जामिनावर सुटला आणि गावाला बक्षिसाची आठवण झाली. चौकीत प्रकरण आहे म्हणजे तंटा आहे, तंटा आहे म्हणजे बक्षीस गेलं. समितीचे अध्यक्ष सोसायटीचे माजी चेअरमन होते. बोलताना प्रत्येक वाक्याच्या आधी घसा खाकरायचे, त्यामुळे वाक्य फार मोलाचं वाटायचं. त्यांनी समिती बसवली, दोन्ही बाजू बोलावल्या, घसा खाकरला आणि म्हणाले,

"जेल हा काही उपाय नव्हे. माणूस आपला आहे, सुधारला पाहिजे. त्याला दंड करू. दंड म्हणून त्यानं म्हसोबाला बकरी कापून सगळ्या गावाला जेवण घालावं."

वाहवा झाली. लक्षात घ्या, त्यानं मेंढ्या चोरल्या होत्या. शिक्षा म्हणून त्यानं आम्हाला मटण खाऊ घालायचं होतं. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. कुणी कुणाचा बांध कोरला तर गावाला जेवण. कुणी कुणाची पोर फसवली तर देवळाला घंटा. आमच्या देवळात एवढ्या घंटा आहेत की गावात किती पापं झाली ते बाहेरच्या पाहुण्याला आत पाऊल टाकताच कळतं. आणि ज्याचा बांध गेला त्यानं काय करायचं? त्यानंही पंगतीत बसून जेवायचं, आणि वाटलंच तर घंटा वाजवायची.

आता तुम्ही विचाराल, अद्दल-अद्दल करणारी ती बिल्लेवाली काय करत होती? ती रणरागिणी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "ठरावाला माझा पाठिंबा आहे. फक्त एक दुरुस्ती. रस्सा तांबडा आणि पांढरा, दोन्ही पाहिजे." एकमतानं मंजूर झाली. समितीतल्या माझ्या सगळ्या कारकिर्दीत मंजूर झालेली ती एकमेव दुरुस्ती.

जेवण झालं ना, झक्क झालं. आमराईत पंगती बसल्या. पुतण्या पांढऱ्या कपड्यांत, काळा चष्मा लावून, स्वतः वाढत फिरत होता, "अजून घ्या, अजून घ्या." लग्न त्याचंच असावं असा तोरा. चोरी करून एवढा मान मिळतो हे कळलं असतं तर निम्म्या गावानं पिकअप घेतले असते. पीडित पक्ष म्हणून त्या बाईला पहिल्या पंगतीत मधोमध बसवलं. अध्यक्षांनी तिला नारळ आणि खण दिला. मी तिच्या शेजारीच बसले होते, मान द्यायला. खरं म्हणजे वाढपी तिकडनं सुरू होणार होता म्हणून.

वाढप झालं. तिनं समोरची पत्रावळ उचलली आणि पालथी घातली. मग पदराआडनं एक कोकरू काढून त्या पालथ्या पत्रावळीवर ठेवलं. त्याला उभं राहता येईना. चारी पाय चार दिशांना गेले.

"ह्येला वाडा," ती म्हणाली.

पंगत थांबली. माझ्या तोंडात नळी होती, ती तशीच राहिली.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "बाई, अन्नाचा असा अपमान..."

"कुनाचं अन्न? चोरी माजी. आन दंड तुमी खाताय! माजी कोकरं वरडून मरत्यात, आन तुमी रस्सा वडताय. त्यो आत बसला तवा सरकारनं त्येला जेवू घातलं. भाईर आला तवा त्यानं तुमास्नी जेवू घातलं. ह्येला कोन घालनार? नारळ फोडून पाजू?"

"मग तुमचं म्हणणं तरी काय आहे? त्याला परत आत घालायचं का?"

"मला काय करायचंय त्येला आत घालून? आत बसल्याला मानूस आन खुट्टीला टांगल्याला सदरा, दोन्ही माज्या काय कामाचं? त्येच्या दावनीला शेळ्या हायत. ताज्या व्याल्याल्या. त्या माज्या तळावर बांदा. कोकरं चारा खायला लागूस्तवर शेळ्यांनी पाजायची. आन ह्येनं तितं ऱ्हायचं, शेळ्या धरायला."

आमच्याकडच्या मेंढपाळांना हे ठाऊक असतं. कळपात एखाददुसरी शेळी ते बाळगतातच, आईवेगळ्या कोकरासाठी. पण शेळी मेंढीच्या पोराला सुखासुखी पाजत नाही. लाथा झाडते, बसते, मुतते. पहिले काही दिवस माणसानं गुडघ्यात दाबून, शिंगं धरून उभी करावी लागते.

पुतण्यानं चष्मा काढला. पहिल्यांदाच त्याचे डोळे दिसले. "काकी," तो मला म्हणाला, "ठरलं होतं ते मी केलं. आता हे नवं कुठलं? आणि शेळ्या माझ्या नाहीत, बायकोच्या आहेत."

हे खरंच होतं. तिनं माहेरनं आणलेली एक शेळी, तिची ही सगळी पैदास. मला एकदम आधार सापडला. मी नळी खाली ठेवून म्हणाले, "हो हो. चोरी नवऱ्याची आणि शेळ्या बायकोच्या, हा अन्याय होईल." न्यायाची मला फार चाड!

तेवढ्यात चुलाणामागनं त्याची बायको आली. सकाळपासनं सगळ्या गावाच्या भाकरी भाजून तिचं तोंड तव्यासारखं झालं होतं. चोरी यानं केली, आत हा बसला, सुटून हा आला, आणि भाकरी थापायला ती! हातातली राख पदराला पुशीत ती मेंढकीणबाईकडं वळली.

"आवं मावशी, शेळ्या न्या. त्येंची पिल्लं आता पाल्याला तोंड लावाय लागल्यात, भागंल. पन धरायला ह्योच पायजे. म्या येनार न्हाई, आन माजी पोरगीबी येनार न्हाई. ह्येनं दुसऱ्या कुनाला पाटवलं तर शेळ्या परत आना. आन जनावर वाळलं न्हाई पायजे."

"वाळल कशाला? माज्या हिकडं शेळी वाळत न्हाई. मानूस वाळतंय."

पंगत हसली, आणि तिथंच पुतण्याचं काम झालं. आमच्या गावात ठराव फिरवता येतो, हशा फिरवता येत नाही.

आमचे हे समोरच्या पंगतीत जेवत होते. आता पत्रावळ घडी करून उठले आणि म्हणाले, "ऑर्डर झाली. डिसमिस."

दुसऱ्या दिवसापासनं आमच्या रानात जो तमाशा सुरू झाला त्याला तिकीट लावायला पाहिजे होतं. सकाळ-संध्याकाळ पुतण्या तळावर हजर. पहिल्या दिवशी पांढऱ्या कपड्यांत आला. शेळीनं ते कपडे कामाला लावले. दुसऱ्या दिवशी जुनी बनियन. शेळी मांड्यांत दाबायची, शिंगं धरायची, आणि मागनं बाईनं कोकरू लावायचं. शेळी उधळली की हा तिच्यासकट आडवा.

"आरं गुडगा लाव, गुडगा! पिकअपमदी टाकताना बरा जोर हुता की तुज्यात!"

"लाथ मारतीय ती, मावशी."

"मारल न्हाई तर! तुला काय आरती ववाळल?"

मी बांधावर बसून बघायची. त्यातही माझा शहाणपणा चालू असायचा. दोन दिवस झाल्यावर मी त्या बाईला विचारलं, "काय गं, याच्यात काही पश्चात्ताप दिसतो का? सुधारेल असं वाटतं?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मेंढी परक्या कोकराकडं बघते. "त्येचं तुमी बघा. सुधारू दे न्हाईतर खड्ड्यात जाऊ दे. माजं कोकरू उबं ऱ्हायलं का, तेवडं म्या बगते."

आणि खरंच, आमची सगळ्यांची चिंता त्याचीच होती. सरकारला त्याची चिंता, अध्यक्षांना त्याची चिंता, मला त्याची चिंता. त्याला अद्दल घडेल का, तो बिघडेल का, सुधारेल का. चोरी करताच तो सगळ्या गावाचा लाडका विषय झाला होता. पालथ्या पत्रावळीवरच्या त्या कोकराची चौकशी मात्र कुणी केली नाही. ते जगलं. म्हणून सांगते, नाहीतर मलाही आठवलं नसतं.

ती सगळी जगली असं म्हणत नाही. जी उशीर झाल्यामुळं गेली ती गेली. पण राहिलेली शेळ्यांना चिकटली. शिमगा होईपर्यंत शेळ्याही सरावल्या. धरायचं कारण उरलं नाही, तरी पुतण्या यायचा, कारण त्याची बायको त्याला घराबाहेर काढायची. तो तळावर दिसला की कोकरं ओरडत पळत यायची. तो आला म्हणजे दूध आलं, एवढंच त्यांना कळायचं. माणसाची पारख मेंढराला नसते, हे मला तेव्हा पटलं. माझ्याकडं कधी एकही आलं नाही.

खटला मात्र चालूच होता. कोर्टाचं बोलावणं जायचं थेट वडूजच्या पलीकडं, आणि ही असायची आमच्या रानात. कधी ती तारखेला जायची तर वकील नसायचा, वकील असायचा तर साहेब नसायचे. मी एकदा तिच्याबरोबर गेले. पुकारा झाला तो सरकार विरुद्ध पुतण्या असा.

"ह्ये मदी सरकार कुटनं आलं?" ती मला मोठ्यानं म्हणाली. "मेंढरं माजी, मग भांडान सरकारचं कसं?"

पट्टेवाल्यानं शूः केलं. पुढं कधीतरी वकिलांनी तिला मिटलं म्हणून सांगायला लावलं आणि प्रकरण मिटलं. तोवर त्या कोकरांना कोकरं झाली होती. कायदा आपलं काम करून थकला आणि घरी गेला.

पण खरा निकाल लागला तो त्याच्याही आधी, पहिल्याच वर्षी, कळप वडूजकडं परत निघाला त्या दिवशी. शेळ्या परत करायची वेळ आली. बाकीच्या निमूट घरी गेल्या. त्यातली एक काळी, कानावर पांढरा ठिपका असलेली, दिसेना. पुतण्या माझ्याकडं धापा टाकत आला.

"काकी, समिती बोलवा! त्या बाईनं माझी शेळी चोरली!"

माझा हात आपोआप छातीवर गेला, बिल्ला चाचपायला. आमच्या ह्यांनी पेपरमधनं डोकं वर काढलं. "रस्सा कुठला ठेवायचा या खेपेला?" मी बिल्ला काढून खिडकीत ठेवला आणि नुसतीच त्याच्या मागनं गेले.

कळप हायवेच्या कडेला लागला होता. काळी शेळी त्याच्या मध्ये, एखाद्या सासूसारखी. बाई म्हणाली, "म्या कुटं चोरली? तीच याय निगाली. सोडवून ने की."

पुतण्यानं शेळीच्या गळ्यात दोरी घातली आणि गावाकडं ओढत निघाला. शेळी ओरडली. लगेच कळपातनं तिनं पाजलेली सगळी पोरं बाहेर पडली आणि त्याच्या मागं धावायला लागली. आता ती चांगली टरारली होती, आवाजही फुटले होते. पुढं पुतण्या दोरी ओढतोय, मागं शेळी, त्याच्या मागं त्या बाईची मेंढरं, आणि सगळी वरात त्याच टपरीवरनं चाललेली. टपरीवरचे लोक उठून उभे राहिले.

"आरं धरा, धरा! परत न्यायला लागला!"

"आवं न्हाई हो! माजी शेळी हाय, माजी सोताची!" तो ओरडत होता, दोन्ही हात वर करून. हात वर केल्यामुळं दोरी सुटली. शेळी माघारी वळली, पोरं माघारी वळली, आणि तो एकटा हायवेच्या कडेला हात वर करून उभा राहिला. वेगानं जाणारे पिकअपवालेही हॉर्न देत होते.

शेळी गेली ती गेलीच. संध्याकाळी मेंढकीणबाईचा नवरा, तोच तो न बोलणारा, मेंढीचं एक कोकरू खांद्यावर घेऊन पुतण्याच्या दारात आला, त्याच्या बायकोच्या हवाली केलं आणि म्हणाला, "शेळीच्या बदली." त्याच्या तोंडून मी ऐकलेले तेवढेच शब्द. समिती बसली नाही, ठराव झाला नाही, घसा कुणी खाकरला नाही. बक्षीसही त्या साली शेजारच्या गावाला गेलं. त्यांनी भांडणं आमच्यापेक्षा चांगली लपवली होती.

नात म्हणाली, "आज्जी, हे मी माझ्या प्रकल्पात लिहू? पण मग तो माणूस शेवटी सुधारला का? पुन्हा चोरी केली का त्यानं?"

"आलीस परत त्याच्यावरच!" मी म्हणाले. "पुण्याची फी पाण्यात."

पण उत्तर द्यायचंच तर देते. यंदाही दिवाळीनंतर कळप आला. बाई आता काठीवर जास्त टेकते, तोंड मात्र तेवढंच. कळप टपरीसमोरनं चालला होता आणि पुतण्या चहा पीत उभा होता, केस पांढरे, चष्मा आता नंबरचा. कळपातल्या एक-दोन म्हाताऱ्या मेंढ्यांनी मान वर केली, रांग मोडली आणि ओरडत सरळ त्याच्याकडं धाव घेतली. त्यांच्यामागं, का ते न कळताच, सगळा कळप वळला. हा चहाचा कप डोक्यावर धरून मेंढरांच्या गर्दीत उभा, इकडं सरकता येईना, तिकडं सरकता येईना. टपरीवरच्या पोरांना काहीच ठाऊक नव्हतं, ती खिदळत होती.

रस्त्यापलीकडनं मेंढकीणबाई ओरडली, "आरं उबा ऱ्हा की तितंच! हालू नगं! वळकलंय त्यांनी तुला!"